हुशार भिडू, वैतागलेली जोडी

'तुमचा नवा सहकारी' म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता कंपन्या-कंपन्यांत रुजू होते आहे. ती रजा मागत नाही, चहाला उठत नाही, पगारवाढीचं नाव काढत नाही. साहेब खूश. तिच्या शेजारी बसणाऱ्याला कुणी विचारलंय?

अमेरिकेत विचारलं.

एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये 29 जणांना 'हनाबी' खेळायला बसवलं. पत्त्यांचा हा खेळ मुलखावेगळा. आपली पानं आपल्याला दिसत नाहीत, भिडूला दिसतात. इशारे द्यायचे तेही मोजूनमापून. जिंकले तर दोघं, बुडाले तरी दोघं. थोडक्यात, संसार.

समोर आलटून पालटून दोन यंत्रं. एक ठरीव नियमांनी चालणारं, साधंभोळं. दुसरं स्वतःच शिकून पंडित झालेलं, तेही अनोळखी भिडूशी जमवून घेता यावं म्हणून खास घडवलेलं. गुण? दोघांबरोबर जवळपास सारखेच. पसंती? सरळसरळ साध्याभोळ्याला. पंडिताच्या खेळीचा अर्थच लागेना.

गुण जुळले, पत्रिका नाही.

पण मुळात ही यंत्रं शिकतात कुणाबरोबर? बऱ्याचदा स्वतःबरोबरच. बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी 2019 मध्ये 'ओव्हरकुक्ड' या खेळाच्या धर्तीवर संगणकात एक स्वयंपाकघर थाटलं. कांदे उचला, भांड्यात टाका, सूप वाढा. स्वतःशीच सराव केलेलं यंत्र स्वतःच्या जोडीला झकास चाललं. माणूस आला आणि घोडं अडलं. समोरचाही आपल्यासारखाच अचूक वागणार, हे यंत्राने गृहीत धरलेलं. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील!

मग टूम निघाली, यंत्राने आपल्या सल्ल्यामागचं कारणही सांगावं. सांगितलं. 2021 च्याच एका अभ्यासात दिसलं की कारण ऐकून माणसं सल्ला जास्त मानतात. बरोबर सल्ला मानतात, आणि चुकीचाही.

पटवून देणारा मिळाला की तपासायचं कुणाला सुचतं?

2024 मध्ये तर 106 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. माणूस आणि यंत्र यांत जो एकटा सरस, त्याच्यापेक्षा दोघांची जोडी सरासरीने कमीच पडली. एक अधिक एक, पाऊण. लिहिणं-रचणं अशा कामांत थोडा फायदा दिसला. निर्णय घेताना मात्र घोळ. माणूस मुळात सरस असेल तिथे जोडी फळली. यंत्र सरस होतं तिथे माणसाने मध्ये हात घातला आणि होतं तेही घालवलं.

म्हणजे कामात तरबेज असलेल्यालाच यंत्राचा उपयोग. आणि कंपनी आधी घरी कुणाला पाठवते? ज्याचा पगार जास्त त्या तरबेजालाच.

यावर तोडगाही तयार आहे. माणूसच नको, यंत्रांचीच टीम करा! एक काम वाटेल, दुसरं करेल, तिसरं तपासेल. बर्कलीच्या संशोधकांनी 2025 मध्ये अशा टीमही तपासल्या आणि फसण्याच्या 14 तऱ्हा नोंदवल्या. शंका असूनही न विचारणं. हातातली माहिती दाबून ठेवणं. सहकाऱ्याचं म्हणणं कानाआड करणं. झालेलंच काम पुन्हा करणं. नीट न तपासता 'झालं' म्हणून मोकळं होणं.

यांना नोकरीत कायम करायला आता हरकत नसावी.