तिसऱ्या सायकलीचं समर्थन

दोन सायकली असलेल्या पुणेकराला तिसरीची निकड शास्त्रशुद्ध पटवता येते. २८ मिलिमीटर टायरची रोड बाइक खडकवासल्यापर्यंत झकास. पुढे आडवाटेला खडी लागली की दात वाजतात. माउंटन बाइक वेताळ टेकडीवर खूश, पण डांबरावर म्हशीच्या चालीनं निघते. म्हणून मधली ग्रॅव्हल बाइक: ४० मिलिमीटर टायर, खाली बाहेरच्या अंगाला फाकलेलं हँडल, डिस्क ब्रेक. (खडी आता शहरातल्या रस्त्यांवरच मुबलक मिळते, ही वेगळी सोय.) घरी सांगायचं, "दोघींचं काम एकीत होतं." "मग त्या दोन विकणार ना?" या प्रश्नावर चेन तपासायला खाली वाकावं. एक पावसाळ्याला लागतेच. दुसरीच्या हँडलवर टॉवेल फार छान वाळतो.