साडेसात मार्कांचे भावोजी

आमच्या भावोजींना "ते हॉटेल कसं आहे हो?" असं विचारायची सोय नाही. "हॉटेल म्हणजे काय? भिंती चाटायच्यात का? पदार्थ बोल!" मार्क पदार्थाला, जागेला नाही, हे त्यांचं तत्त्व. एकाच टेबलावर साबुदाणा वड्याला साडेसात पडतात आणि त्याच्याच बशीतल्या चटणीला चार. रात्री दहाच्या आत हा निकाल फोटोसकट सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर जातो.

फोटो तीन. एक वरून, एक बाजूने, एक घास मोडल्यावर. तोवर कोणी हात लावायचा नाही. लग्न झाल्यापासून ताईने बाहेर गरम डोसा खाल्लेला नाही.

मिसळ आली की भावोजी बोर्डाचे परीक्षक होतात. रश्श्याला वेगळे मार्क, फरसाणाला वेगळे, मटकी तर बोटात दाबून बघतात. वेटरने न मागता सँपल आणलं तर अर्धा मार्क जास्त. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस येतात, यावर ते आमच्या कोल्हापूरच्या मावशींशी गेली कित्येक वर्षं भांडताहेत. मावशीही मागे हटत नाहीत. २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली, तेव्हा भावोजी आठवडाभर घुश्शात. "परस्पर ठरवलं?" मग एका सकाळी डेक्कन क्वीनने दादर गाठून खाऊन आले. साडेआठ! "लंडनवाल्यांना कळतं थोडंफार," म्हणाले.

दहापैकी दहा मात्र कोणालाच नाहीत. "दहा दिले की आचारी बिघडतो."

परवा ते हात धुवायला गेले असताना त्यांची डायरी माझ्या हाती लागली. आत एक ओळ होती: अळूचं फदफदं, १०. पुढे जागेचं नावच नाही! विचारलं, तर डायरी खिशात घालत म्हणाले, "ते अजून तपासायचंय." ताई सांगते, हल्ली दर गुरुवारी दुपारी ते बँकेत जातात आणि घरी येऊन जेवत नाहीत.

तर पुणेकरहो, गुरुवारी दुपारी पेठेतल्या एखाद्या खानावळीत, फोटो न काढता अळू ओरपणारे गृहस्थ दिसले, तर पत्ता तेवढा मला कळवा.