वहिनी, काहीतरी भयानक सांगा ना!

आमच्या वारजेच्या सोसायटीतल्या भिशीत पूर्वी पाण्याचा टँकर, मुलांचे क्लास आणि बायपासच्या पुलाखालचं ट्रॅफिक एवढेच विषय असायचे. आता चिठ्ठी उघडायच्या आधीच कुणीतरी विचारतं, ‘‘सध्या काय बघताय?’’ आणि सगळ्या जणी माझ्याकडे वळतात. खून, अपहरण, विषप्रयोग, बेपत्ता मुलं, पुरलेली प्रेतं यांपैकी काहीही हवं असेल तर ते माझ्याकडे मिळतं अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे.

या कामात मान असला तरी जोखीम फार. मालिका सुचवणं म्हणजे स्थळ सुचवणं. चांगलं निघालं तर पोरीचं नशीब आणि वाईट निघालं तर ‘‘तुम्हीच सांगितलं होतंत!’’ शिवाय स्थळाची चौकशी तरी लोक दोन ठिकाणी करतात. मालिकेच्या बाबतीत रात्री बारा वाजता थेट मलाच फोन.

माझी पात्रता म्हणाल तर ती लहानपणापासूनची आहे. सदाशिव पेठेतल्या एका अंधाऱ्या वाचनालयातून मी सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आणि नारायण धारपांची भुतं आळीपाळीनं घरी आणायचे. दोघेही लेखक पुण्यातच राहणारे, त्यामुळे महाराष्ट्राला लागणारी भीती पुण्यातच तयार होते असा माझा बरीच वर्षं समज होता. (‘तुंबाड’ची प्रेरणा धारपांची कथा, हे जाहीर झाल्यावर तो पुन्हा बळावला.) मग दूरदर्शनवर गाजरं खाणारा ‘करमचंद’ आला, रजित कपूरचा थंड डोक्याचा ‘ब्योमकेश बक्षी’ आला. त्याआधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ ही पोलिसी मालिका होतीच. तिच्यातले शिवाजी साटम तेव्हा एसीपी प्रद्युम्न व्हायचे होते. आईचा या सगळ्याला विरोध नव्हता. दूरदर्शनवर दाखवतात म्हणजे सरकारनं मंजूर केलेला खून, तो मुलांनी बघायला हरकत नाही, असं तिचं मत.

एवढ्या तालमीनंतर मी निर्भय झाले असेन असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात माझ्याइतकी भित्री बाई मुठा नदीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. मी मालिका बघते ती ट्यूबलाइट लावून. संगीत बदललं की आवाज बंद करते. चाकू, तळघर किंवा एकटी मुलगी दिसली की ओढणी डोळ्यांवर येते. त्यानंतर कामाला येतं दहा सेकंद पुढे नेणारं ते बटण. ज्यानं कुणी ते शोधलं त्याच्या घराण्याला मी रोज दुवा देते. संरक्षणासाठी नवरा शेजारी बसवलेला असतो, पण पहिला मुडदा पडेपर्यंत त्याचं घोरणं सुरू झालेलं असतं. अशा रीतीनं निम्मी मालिका बघून मी दुसऱ्या दिवशी भिशीत सांगते, ‘‘जबरदस्त आहे. पण बघा हं, सगळ्यांना झेपण्यातलं नाही.’’

२०२०च्या टाळेबंदीत माझा धंदा खऱ्या अर्थानं तेजीत आला. ‘समांतर’ नुकतीच आली होती. शिरवळकरांची कादंबरी, सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, नायक स्वप्नील जोशी आणि वर फुकट. मी जिन्यात, गॅलरीत, मास्कमधून, मिळेल तिथे तिचा प्रचार केला. कुमार महाजनला कळतं की आपलं आयुष्य दुसरा एक माणूस आधीच जगून बसला आहे, आणि तो त्याला शोधत निघतो. सगळ्यांना आवडली. पंचाईत एवढीच झाली की पहिला सीझन ऐन मोक्याच्या जागी संपला आणि दुसरा यायला २०२१चा जुलै उजाडला. मधल्या काळात तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी, शेवट जणू मी माळ्यावर लपवून ठेवलाय अशा थाटात, रोज माझा पिच्छा पुरवला. ‘‘तुम्ही पुस्तक वाचलंय ना? मग सांगा की!’’ वाचलं होतं, पण फ्रॉक घालायच्या वयात. शेवटी न राहवून मी त्यांना एक शेवट सांगून टाकला. तो शिरवळकरांचाच होता, फक्त दुसऱ्या कादंबरीचा. दुसरा सीझन बघून त्या वर आल्या तेव्हा मी दार उघडलं नाही.

पुढचे बळी आमचे सचिवकाका. हे निवृत्त इंजिनिअर. त्यांना ‘डोक्याला खाद्य’ हवं होतं. मी ‘डार्क’ दिली. जर्मन मालिका, तीन सीझन, विंडेन नावाचं गाव, अणुऊर्जा प्रकल्प, जंगलातली गुहा आणि त्या गुहेतून तेहतीस वर्षं मागंपुढं जाणारी माणसं. चार कुटुंबांची नाती अशी गुंतलेली की बघताना वही-पेन लागतं. काकांनी मेंटेनन्सच्या जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर वंशावळ काढायला घेतली. (ज्यांना ही मालिका बघायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. तक्रारी आता मला सोसवत नाहीत.)

एका रात्री अकराच्या पुढे त्यांचा फोन आला. शार्लोट ही एलिझाबेथची आई असते आणि मुलगीही, इथे ते अडकले होते. त्यांच्या बाजूचं बोलणं साधारण असं: ‘‘अहो वहिनी, पण मग मूल कुणाचं?... म्हणजे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं?... आणि तुम्हाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं? आणि तुम्ही मला बोलला नाहीत!... नाही, हिला अजून काही सांगितलेलं नाही.’’ ‘हिला’ म्हणजे सचिवकाकूंना जाग आली होती. पुढे कित्येक दिवस त्या लिफ्टमध्ये मला बघून जिन्यानं जायच्या. शेवटी काकांनी पावत्यांची ती भेंडोळी त्यांच्यापुढे पसरली. ती बघून काकूंचा माझ्यावरचा संशय फिटला, पण काकांच्या प्रकृतीविषयीची काळजी मात्र वाढली. शिवाय त्या वारजेच्या शहरी वनात सकाळी फिरायला जायच्या, तेही थांबलं. म्हणे झाडीत कुठे गुहाबिहा असली तर?

माझ्या अभिरुचीचा जो काही अहंकार होता तो पोळ्यांच्या मावशींनी उतरवला. त्या वाईकडच्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं फोनवर ‘पाताल लोक’मधल्या हाथीरामबद्दल आणि जयदीप अहलावतच्या डोळ्यांतल्या थकव्याबद्दल बोलत होते. मावशी म्हणाल्या, ‘‘आम्ही ‘देवमाणूस’ बघितली.’’ मी जरा कनवाळूपणे हसले. रोज रात्री साडेदहाला लागणाऱ्या मालिका माझ्या हिशेबात खालच्या वर्गातल्या होत्या. मावशी लाटणं न थांबवता पुढे म्हणाल्या, ‘‘ते आमच्याकडचंच हाय. धोमला त्या डॉक्टरनं माणसं पुरलेली ना, तवा आम्ही गावातच हुतो.’’ २०१६च्या ऑगस्टमध्ये संतोष पोळ पकडला गेला, आणि ज्याच्यावरून ती मालिका बेतली त्या प्रकरणाच्या शेजारची बाई माझ्या ओट्याशी रोज उभी राहून कणीक मळत होती. मी मात्र तिला हाथीराम समजावून सांगत होते. वर मावशींनी विचारलं, ‘‘तुमच्या त्या इंग्लिश मालिकांत आठ-आठ भाग पोलीस काय करतात? ‘देवमाणूस’मधल्या सरू आजीला दोन भागांत कळलं असतं.’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. पण २०२४च्या कोजागिरीला सांस्कृतिक समितीनं गच्चीवर ‘काहीतरी खिळवून ठेवणारं’ दाखवायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. पंधरवड्यापूर्वीच ‘मानवत मर्डर्स’ आली होती. परभणी जिल्ह्यातलं मानवत, १९७२ ते ७४ या काळातली हत्यांची मालिका, गुप्तधनासाठी आणि मूल व्हावं म्हणून दिलेले बळी, आणि तपासाला पाठवलेले रमाकांत कुलकर्णी. हेच ते मुंबईत रामन राघवचा छडा लावणारे अधिकारी. त्यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. अस्सल आपल्या मातीतलं प्रकरण. मी सूचनाफलकावर अगदी साधी सूचना लावली: ‘मराठी मालिका. कलाकार: मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. मसाला दूध मिळेल.’

मालिकेचं नाव लिहायचं राहून गेलं असं मी नंतर समितीला सांगितलं. खरं म्हणजे ते धक्का बसावा म्हणून मुद्दाम गाळलं होतं.

परिणाम असा की अनासपुरे म्हटल्यावर सगळी सोसायटी हसायला आली. सतरंज्या, उशा, लहान पोरं, माहेरपणाला आलेल्या मुली, सगळा गोतावळा. सुरुवातीला सोनाली कुलकर्णी दोघींपैकी कुठली यावर पैजा लागल्या. पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधलेली, खाली बायपासवर ट्रकची घरघर, आणि लांब सिंहगडावर टॉवरचे दिवे. १९७३ साली पुण्यात टीव्ही पोचला तो त्या गडावरूनच, असं मी प्रास्ताविकात सांगितलंही. टाळ्या पडल्या. मग पहिली हत्या झाली.

पडद्यावर अनासपुरे आले की सवयीनं काही जण हसायचे आणि हसू अर्ध्यावर गिळायचे, कारण इथे ते उत्तमराव बारहाते होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाचं नावही नव्हतं. एक पोर रडायला लागलं. त्याला बघून दुसरं. ‘‘हे काय लावलंय, पौर्णिमेला?’’ कुणीतरी ओरडलं. दुधाचं पातेलं ढवळायचं थांबलं आणि तळाला लागल्याचा वास गच्चीभर पसरला. मी नेमकी ओढणीआड होते, त्यामुळे लॅपटॉपचं बटण मला सापडेना.

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून बी विंगच्या आजी म्हणाल्या, ‘‘एवढं काय घाबरायचं त्यात? आम्ही तर हे अंगावर काढलंय.’’

आजी ऐंशीच्या पुढच्या. तरुणपणी डेक्कनला राहायच्या. त्यांनी १९७६-७७ सांगायला सुरुवात केली. जोशी-अभ्यंकर. दहा खून, त्यांतले पाच एकाच रात्री, भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे. नवरा कामावरून आला तरी बाहेरून तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय कडी निघत नसे, आणि एकदा त्यानं सासूबाईंच्या माहेरचं आडनाव चुकवलं म्हणून तो पाऊण तास पायरीवर बसून होता. ‘‘आणि शेवटी निघाले कोण? कॉलेजातली पोरं. टिळक रस्त्यावर चित्रं काढायला शिकणारी. तुमच्या-आमच्या घरातल्यासारखी.’’ चौघांना १९८३च्या नोव्हेंबरात येरवड्यात फाशी झाली हे सांगताना आजींनी दुधाचा घोट घेतला आणि ते करपल्याचंही नमूद केलं.

एव्हाना पडद्याकडे सगळ्यांची पाठ होती. रडणारी पोरं आजींच्या पायाशी तोंडं उघडी टाकून बसली होती. रमाकांत कुलकर्णी टाकीवर एकटेच तपास करत होते. ‘‘तेव्हा आम्हाला अंधाराचं काही वाटायचं नाही,’’ आजी म्हणाल्या, ‘‘भीती वाटायची ती दाराशी कोण आलंय याची.’’

आणि गच्चीच्या दारात हेल्मेट घातलेला एक माणूस उभा राहिला.

किंचाळण्यात सर्वात वरचा सूर माझा होता हे नंतर अनेकांनी मोबाइलमध्ये ऐकवलं. त्या बिचाऱ्यानं हातातली पिशवी वर केली. चारशे दोनमध्ये कुणी कचोऱ्या मागवल्या होत्या, खाली दार कुणी उघडेना, म्हणून वॉचमननं त्याला वर पाठवला होता. त्यानंतर तासभर कुणी एकटं जिना उतरायला तयार नव्हतं. लोक विंगवार तुकड्या करून खाली गेले. पहाटेपर्यंत अख्ख्या सोसायटीत दिवे जळत होते. कोजागिरी इतकी मनापासून पाळलेली मी आजवर पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रारवहीत माझ्या नावावर जेवढी पानं भरली तेवढी गळक्या टाकीच्या नावावरही नाहीत. समितीतून मला कामाच्या व्यापामुळे मुक्त करण्यात आलं. पुढच्या कार्यक्रमाला ‘अशी ही बनवाबनवी’ ठरला, एकमतानं. आजींबद्दल मात्र एका ओळीचीही तक्रार नाही. उलट पोरं रोज संध्याकाळी त्यांच्या दाराशी, ‘‘आजी, अजून एक खून सांगा ना.’’

आता आजींच्या नातवानं त्यांना टॅबवर सगळं लावून दिलंय. त्यांनी मला विचारलं, काय बघू? मी बऱ्याच विचारानं ‘चेर्नोबिल’ सुचवली. पाचच भाग, १९८६ची खरी घटना, भुतंखेतं नाहीत, अंधश्रद्धा नाही, निव्वळ विज्ञान आणि सरकारी खोटेपणा. पेन्शनर बाईला दोन्ही आवडेल असा माझा हिशेब.

चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला त्यांचा फोन.

‘‘अगं, तो चौथा भाग. रिकाम्या गावात कुत्री मारत हिंडतात तो. तो नवखा पोरगा पहिल्यांदा बंदूक उचलतो तेव्हा त्याचा चेहरा पाहिलास ना?’’

‘‘हो तर, आजी. फार प्रभावी.’’

‘‘मग त्या घरात पिल्लं असतात तिथे तो काय करतो?’’

मी गप्प. तिथे मी बटण दाबलं होतं, चांगलं सातआठ वेळा.

‘‘वाटलंच मला,’’ आजी म्हणाल्या. ‘‘त्या रात्री गच्चीवर ओढणीत तोंड खुपसून बसली होतीस ते दिसलं होतं. बस आता नीट, पहिल्यापासून सांगते.’’

मी पलंगावरून वाकून ट्यूबलाइटचं बटण लावलं आणि नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं.