सहाच लेकरं

चौसाळ्यात, सोलापूर-धुळे रस्त्यालगतच्या हॉटेलात मी चहा पीत होतो. पाठीवर थाप पडली आणि कानात आवाज आला, "सतरा सत्ते?"

वय ४६, डोक्यावर बँकेचं कर्ज, घरात दोन लेकरं, आणि घोट घशातच अडकला. "एकशे... एकोणीस."

"इच्यार करावा लागला," गुरुजी खेदानं म्हणाले आणि समोरच्या बाकावर बसले.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या खिशातला खडू काही झाला नाही. सदरा धुवायला टाकण्याआधी काकू त्यातून खडूचे तुकडे आणि मूठभर चिंचोके काढून ठेवतात. संध्याकाळी ओट्यावर शिकवणी भरते. लेकरं सहाच. सातवं का नको, तर म्हणे सात झाले की एकजण दुसऱ्याच्या पाठीमागं लपतो.

आणि लेकरं फक्त कच्ची. एकानं कौतुकानं नव्वद टक्केवाला पोरगा आणला, तर गुरुजी म्हणाले, "ह्याला पुस्तक पुरं हाय. घरात दुसरं कुणी न्हाई का, न येणारं?" तो गृहस्थ अजून रामराम घालत नाही.

सहावीतलं पोरगं आलं की गुरुजी त्याला दुसरीत नेऊन बसवतात. आईबाप चिडतात. गुरुजींचं ठरलेलं उत्तर, "डोस्कं कच्चं न्हाई हो. ह्याची दुसरी फडावर राह्यली." आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास गावं ऊसतोडीला निघतात, परततात तेव्हा ऊन तापलेलं असतं. मधला धडा ना शाळेकडे असतो, ना लेकराकडे.

वाचन घ्यायची त्यांची तऱ्हा बेरकी. धडा शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायला लावतात. पाठ करून घडाघडा म्हणणारं पोरगं तिथंच सापडतं. सापडलं की रागावत नाहीत, उलट खूष होतात. हरवलेली किल्ली मिळाल्यासारखे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'बासष्ट'च्या जोडीला 'साठ दोन' आलं, तेव्हा सगळं गाव हसलं. गुरुजी हसले नाहीत. "एकोणसाठ म्हणलं की लेकरू ६९ लिहितंय. त्याला साठ ऐकू आलं, त्यानं सहा लिहिला. चूक कुणाची?" त्याच वर्षी अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना नोबेल मिळालं. मागं पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवायचा 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम त्यांनी मुंबईत आणि बडोद्यात तपासला होता, हे मी उत्साहानं सांगायला गेलो.

"गटात लेकरं किती?"

"पंधरा-वीस."

"मंग ती दुसरी शाळाच की," म्हणून गुरुजींनी नोबेलचा विषय मिटवला.

माणूस चांगला, पण छळतो. लग्नपत्रिका हातात दिली की आधी ऱ्हस्वदीर्घ तपासतो, मग वधूवरांची नावं विचारतो. पंगतीत वाढप्याला थांबवून शेजारच्या पोराकडून बुंदीच्या लाडवांचा भागाकार करून घेतो. सगळी पंगत लाडवाकडे बघत बसलेली.

त्यांना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं. ओट्यावर बत्तीसातून सतरा चालले होते. "दोनातून सात जात न्हाईत, मंग शेजारच्या दशकाकडून उसनं घ्यायचं." गुरुजींनी तिनाच्या डोक्यावर काट मारली. मागून एक बारीक आवाज आला.

"गुरजी, ते उसनं परत कवा द्यायचं?"

बाकीची पाच हसली. हे पोरगं हसलं नाही. त्याच्या घरी दरसाल मुकादमाची उचल येते आणि सगळा हंगाम ती फिटता फिटत नाही. गुरुजींनी खडू खाली ठेवला. बराच वेळ चष्माच पुसत होते.

दुसऱ्या दिवशी 'उसनं' हा शब्द ओट्यावरून गेला. गुरुजींनी दहाच्या तीन नोटा आणि दोन रुपये मांडले. "कुणाकडून काय घ्यायचं न्हाई. आपलीच नोट मोडायची. जा, हॉटेलातून सुट्टे आण." पोरगं पळत गेलं, पळत आलं. हातात रुपयाची नऊ नाणी आणि एक चॉकलेट.

"एक रुपाया सुट्टा न्हाई म्हनले."

गुरुजींचा पारा चढला. आयुष्यभर दशकाचे दहा एकक होत आले आणि चौसाळ्यात नऊच? चपला अडकवून ते तरातरा हॉटेलाकडे निघाले, मालकाला दशमान पद्धती समजावायला.

पोरगं तोवर थांबलं नाही. सात नाणी बाजूला सारली, एक नोट बाजूला सारली आणि ओरडलं, "चौदा आन् एक चाकलेट!"

गुरुजी रुपया वसूल करून आले तेव्हा उत्तर चौदाच राहिलं होतं.