वाडगेबुवा

वाघोलीत टँकर आला की आमच्या सोसायटीत दोन आवाज सुरू होतात. एक पाण्याच्या मोटरचा, दुसरा बी विंगमधल्या बाल्कनीतल्या लेथचा. वाडगेबुवा (हे नाव सोसायटीने ठेवलेलं, दारावरची पाटी वेगळी आहे) मुद्दाम हीच वेळ साधतात. लेथविरुद्ध बोलायचं तर आधी टँकरशी वैर घ्यावं लागतं, आणि वाघोलीत ते कुणाला परवडणार?

खराडीच्या आयटी कंपन्यांत उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला पन्नाशीत एकदा वाटतंच, की आपण केलेलं काहीच हातात धरता येत नाही. मग कुणी सायकल घेतो, कुणी गच्चीत टोमॅटो लावतो. बुवांना सावंतवाडी नडली. तिथल्या चितारआळीत त्यांनी एका कारागिराला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवताना पाहिलं. घर्षणानेच लाख वितळली, रंग चढला, केवड्याच्या पातीने चकाकी आली. आणि हे चालू असताना कारागीर एका गिऱ्हाइकाशी भावावरून वादही घालत होता. "एवढंच?" म्हणत बुवांनी परतीच्या वाटेवरच लेथ मागवला. त्या आळीत पोरं रांगतात तीच लाकडाच्या भुशात, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पहिला ओंडका सोसायटीत पावसात पडलेल्या गुलमोहराचा, चांगला 10 इंची. बुवांनी तो एकदम पूर्ण वेगावर सोडला. ओंडक्याने लेथ सोडला, ग्रिलवर आपटला आणि परत येताना वहिनींची लोणच्याची बरणी घेऊन गेला. संध्याकाळी लिफ्टमध्ये बुवा मला म्हणाले, "लाकूड ओबडधोबड असलं की मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आसपास सुरुवात करायची. आणि समोर कधी उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं." सूर असा, की बरणी मीच फोडली असावी.

हीच बुवांची खुबी. सकाळी अपघात, संध्याकाळी व्याख्यान. दुसऱ्या वाडग्यात पटाशीचं टोक घुसलं आणि काठाचा ढलपा उडाला. "धार आधी लावायचीच नाही हो! पटाशीची पाठ लाकडावर टेकवायची, मग दांडा हळूच उचलायचा. धार आपण होऊन कापायला लागते." तिसऱ्याचा तळ बाहेरून भरपूर जाड वाटत होता; आतून कोरता कोरता, लाकूड लेथला धरून ठेवणाऱ्या चकतीचे स्क्रू भेटले. बुवांनी जागच्या जागी त्याला दिव्याची शेड म्हणून जाहीर केलं. त्या घरात आता दिव्यांपेक्षा शेडच जास्त आहेत.

चौथ्याने मात्र केसाने गळा कापला. पातळ, गोल, देखणा वाडगा. दिवाळीत वहिनींनी कौतुकाने त्यात चिवडा काढला, तोवर तो लंबगोल झाला होता आणि पाहुण्यांदेखत तडकला. ओलं लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडवं आकसतं; गोलाई टिकणार कशी? त्यावर उपाय असा, की आधी भिंत जाड ठेवायची, व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी; मग वाडगा भुशासकट कागदी पिशवीत काही महिने ठेवायचा आणि वाळल्यावर पुन्हा लेथवर चढवायचा. बुवांना हे कळल्यापासून वहिनींच्या पैठण्या पलंगाखाली गेल्या आहेत आणि कपाटात पिशव्या आहेत.

बुवा शिकले नाहीत असं कोण म्हणेल? फक्त त्यांचं ज्ञान वाढत गेलं तसे वाडगे लहान होत गेले. काठ फुटला की तो उतरवायचा, पुन्हा फुटला की पुन्हा उतरवायचा. 10 इंचांचा ओंडका आधी आमटीचा वाडगा होतो, मग चटणीची वाटी, मग कुंकवाचा करंडा. परवा त्यातून शेवटी भोवरा निघाला.

"अहो, पोरांनी मागितला होता म्हणून सांगा," वहिनी म्हणाल्या. खरी गंमत म्हणजे पोरांनी लगेच आणखी सहा मागितले.

तेव्हा बुवांना आता लाकूड कमी पडतंय. वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत गेली. टँकर काही सुटला नाही, पण झाड तोडायचं तर महापालिकेची परवानगी लागते. तरी रोज सकाळी फिरायला निघाले की बुवा गेटजवळच्या धडधाकट शिरीषाला हाताने कवळून घेर पाहतात, बुंध्यावर दोन टिचक्या मारतात आणि आभाळाकडे बघून पाऊस कसा होईल ते विचारतात. कमिटीने वॉचमनला झाडावर नाही, बुवांवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे.