शेकाट्याचे पाय कापले

चित्र फ्रेम करायला दिलं होतं. घरी आणून पाहिलं तर पाण्यात उभ्या असलेल्या शेकाट्याचं प्रतिबिंबच नाही. परत गेलो. फ्रेमवाला म्हणाला, "भाऊ, खाली नुसतं पाणीच होतं. मापात बसत नव्हतं, दीड इंच कापलं." तो तुकडा तोवर कचऱ्यात गेला होता.

शेकाट्या म्हणजे सगळा पायांचाच पक्षी. पाठ काळी, चोच सुईसारखी आणि खाली ते लांबलचक गुलाबी पाय. पांढरं पोट मी रंगवत नाही, तिथे कागद कोरा सोडतो. पाय मात्र कागद पुरता सुकल्यावर बारीक ब्रशने एका दमात ओढावे लागतात. हात अडखळला की गाठ पडते. पाण्यातले पाय त्याच रंगात थोडं पाणी घालून, मोडत मोडत काढायचे. ते नसले तर पक्षी कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. त्याच दुकानात निर्मळची लाकडी फळ्यांवरची चित्रं टांगलेली आहेत. त्यांना करवत लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. माझा कागद तेवढा कापायला सोपा.

दुसरं दुखणं समुद्राचं. आदिलाबादेत कुणालाही सूर्यास्त काढायला सांगा, समुद्र काढतात. शेजारच्या चौथीतल्या मुलीनेही काढला: नारळ, होडी आणि आकाशात पक्षी म्हणून चार तिरप्या रेघा. "सूर्य कुठे बुडतो गं?" तर म्हणे, "समुद्रात." अगं, 2014 पासून आपल्या राज्याला समुद्रच नाही. त्याआधी होता तो मछलीपट्टणम, विशाखापट्टणमचा, पूर्वेचा. तिथे सूर्य पाण्यातून उगवतो आणि मावळतो तो पाठीमागे, जमिनीवर. पण तिला काय बोलायचं? मोठी माणसंही माझं चित्र पाहून म्हणतात, "छान जमलंय, दोन नारळ टाकले असते तर..."

मला याचा खरंच राग येतो. कारण सूर्य पाण्यात बुडताना पाहायचा तर तो आपल्याकडेच दिसतो. पैनगंगा आपल्या उत्तर सीमेवरून पूर्वेकडे वाहत जाते. जिथे पात्र सरळ आहे तिथे फेब्रुवारी-मार्चात काठावर उभं राहून वरच्या अंगाला पाहा. पाणी आटून वाळूची बेटं वर आलेली असतात, सूर्य थेट पात्रातच उतरतो आणि अख्खी नदी तांब्याची होते. पलीकडे यवतमाळ जिल्हा. मधल्या उथळ पाण्यात शेकाटे, ओल्या वाळूवर कंठेरी चिखल्या. चिखल्या चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, टोचतो, पुन्हा पळतो. शेकाट्या उडाला की पाय शेपटीच्या पार मागे जातात. असा पक्षी तिरप्या रेघेत कसा मावणार?

ती वेळ असते वीस मिनिटांची, फार तर. ओल्या कागदावर पिवळा पसरला, त्यात तांबडा सोडला, आता पक्षी काढायचे, तेवढ्यात वाळूचा ट्रॅक्टर पात्रात उतरतो. टिटवी ओरडते आणि सगळा थवा पलीकडच्या तीरावर जातो. हेडलाइटच्या उजेडात कागदावरचा पिवळा रंग दिसेनासाच होतो.

पुढच्या रविवारी परत जाणार आहे. आता कागदाला खाली तीन बोटं पाणी जास्तीचं ठेवतो आणि मागे पेन्सिलीने मराठीत आणि तेलुगूत लिहितो: खालून कापू नये.