काचेखालचा उजेड

आमच्या भाच्याला सीईटीत जेवढे पर्सेंटाइल पडले, तेवढ्यात कॉम्प्युटर बसत नव्हतं, म्हणून तो मेकॅनिकलला गेला. घरात मात्र 'त्याला लहानपणापासूनच यंत्रांची ओढ' असं जाहीर झालं. पुरावा म्हणून पाचवीत असताना त्याने उघडलेलं आणि अजून न मिटलेलं भिंतीवरचं घड्याळ पाहुण्यांना दाखवण्यात येऊ लागलं.

पहिल्या वर्षी खाकी एप्रन घालून पोरं वर्कशॉपात शिरली. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे, एक कानस. घासा, घासत राहा आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत चपखल बसवा. मग इन्स्ट्रक्टर तो जोड उजेडासमोर धरतात. फटीतून उजेड दिसला की मार्क गेले. भाच्याच्या फटीतून समोरचं कॅन्टीन दिसत होतं. शेवटी सीनियरचा गेल्या वर्षीचा जॉब आला. त्यावरचा जुना नंबर घासून काढायचा होता, तेवढ्यापुरती कानस मात्र सफाईने चालली.

लेथ चार होते. तीन बंद. मेकॅनिकलच्या विभागात ते मेकॅनिकची वाट बघत उभे होते. चौथ्यावर सर, भोवती वीस पोरं, आणि भाचा मागच्या रांगेत. सरांच्या खांद्यावरून अर्धा चक फिरताना दिसला, असं तो अजून अभिमानाने सांगतो.

खरं शिक्षण झालं हॉस्टेलवर, रात्री दोन वाजता. दोन ट्रंका, त्यांवर आडवी टेबलाची काच, खाली ट्यूबलाइट. काचेवर टॉपर मुलीची शीट, तिच्यावर आपली कोरी, कडांना क्लिपा. खालून उजेड येतो, रेषा वर उमटतात, आपण फक्त पेन्सिल फिरवायची. याला जीटी म्हणतात, ग्लास ट्रेसिंग. चार वर्षांत पोरांनी स्वतः डिझाइन केलेलं, स्वतः जोडलेलं आणि पहिल्या झटक्यात चाललेलं हे एकमेव यंत्र.

फ्लँज कपलिंगच्या शीटवर एका रात्री एक डास चिरडला. सहा बोल्टांच्या शेजारी ठिपका. पहिल्याने तो ठिपका इमानाने उतरवला, त्याच्यावरून दुसऱ्याने जरा गोल केला, आणि पहाटेपर्यंत विंगेतल्या सगळ्या शीटांवर कपलिंगला सातवा बोल्ट लागला. सरांनी सगळ्यांवर सही केली. ओरलला एक्स्टर्नलने विचारलं, "हा सातवा कशाला?" भाचा म्हणाला, "सर, फॅक्टर ऑफ सेफ्टी." आठ मार्क मिळाले. दहापैकी.

पोरांना बोलण्यात अर्थ नाही. त्यांच्या फायलीतला लँकेशायर बॉयलर १८४४ सालचा. तो कोणी पाहिलेला नाही, पण आकृतीला मार्क आहेत. कॉलेजांचीही मूळ शीट पुण्याची, १८५४ ची: बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती, म्हणून इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, आणि मग एका कॉलेजावर काच ठेवून दुसरं उतरवण्याचं काम सुरू झालं. वाटेत चिरडलेले डास कुणी मोजले नाहीत.

कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली. मुलाखतीत विचारलं, मेकॅनिकल सोडून इकडे का? भाचा म्हणाला, "सर, लहानपणापासून कोडिंगची ओढ." ताईने घड्याळ गुपचूप माळ्यावर टाकलं. ड्राफ्टर अर्ध्या किमतीत ज्युनियरला गेला, काच फुकटात.

परवा बंगळुरूहून फोन आला. "काय रे, जमतंय का?" आम्ही विचारलं.

"जमतंय की मामा. सीनियरचा कोड घ्यायचा, नाव बदलायचं," तो म्हणाला. "इथे तर काचसुद्धा लागत नाही."